आईच्या कानापर्यंत

४ मे

ताईस,

आमच्या इमारतीच्या लिफ्टला वाचा फुटली आहे. हे मी अत्यंत गांभीर्यानं लिहितो आहे, हसू नकोस. गेल्या आठवड्यात समितीनं लिफ्टमध्ये एक बाई बसवली. बाई दिसत नाही, नुसती बोलते. दार बंद होत असताना ‘दार बंद होत आहे’ असं सांगते. उघडताना ‘दार उघडत आहे’. तिसरा मजला आला की ‘तिसरा मजला’. मला माझा मजला कोणी सांगावा अशी वेळ अजून आलेली नाही. शिवाय तिचा सूर असा, की मजला तिनंच मेहरबानी म्हणून आणून दिलाय. मी समितीकडे तक्रार केली. अध्यक्ष म्हणाले, “अंधांच्या सोयीसाठी असतं हो ते.” मी म्हणालो, इमारतीत एकही अंध नाही. ते म्हणाले, “बहिरे आहेत ना पण दोघेजण.” निषेध म्हणून मी जिन्यानं चढतो-उतरतो, आणि माझ्या गुडघ्यांनी माझ्याविरुद्ध वेगळा निषेध सुरू केला आहे.

हे मी तुला फोनवर सांगितलं असतं. तू ते आईच्या कानाशी जाऊन सांगितलं असतंस, आई हसली असती, आणि माझा दिवस सार्थकी लागला असता. पण तू फोन उचलत नाहीस. वर निरोप पाठवतेस : ‘आवाज बंद आहे. फोन करू नकोस. वाटलं तर पत्र लिही.’

आवाज बंद आहे म्हणजे काय? ती काय गिरणी आहे?

ताई, मी काही दूधखुळा नाही. तू रुसली आहेस. गेल्या वेळच्या फोनवरून रुसली असशील तर मी तुला काही फार लागेलसं बोललो असं मला आठवत नाही. किस्सा चांगला होता, आई हसली नाही, म्हणून मी इतकंच म्हणालो की शेवटच्या वाक्याआधी जरा थांबायचं असतं, पुन्हा एकदा सांग. तू पुन्हा सांगितलंस. मग मी म्हणालो, आता मोठ्यानं सांग. त्यानंतर काहीतरी खरखरलं आणि फोन बंद झाला. मला वाटलं लाइन गेली.

खरंच घसा बसला असेल तर काळजी घे. मी थोडं वाचन केलं आहे. चहा कमी कर. सारखं खाकरत जाऊ नकोस, त्यानं घसा आणखी सोलवटतो. पाणी पी. पित्त वर येत असेल तर रात्रीचं जेवण लवकर कर. आणि बोलावंच लागलं तर कुजबुजत बोल, म्हणजे ताण पडणार नाही.

आईला लिफ्टचा किस्सा मात्र सांग. हळू आवाजात सांगितलास तरी चालेल.

तुझा,
शहाणा

१५ मे

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाठीमागे पुरेशी जागा असताना तू चारच ओळी लिहिल्यास, त्यातल्या तीन मला दुरुस्त करण्यात घालवल्यास. ‘कुजबुजण्यालाही बंदी आहे. त्यात घसा आणखी आवळला जातो. न वाचता सल्ले देऊ नकोस.’ पहिलीच्या मुलांना सांगतेस त्याच सुरात. मी पाटी पुसून टाकली.

भावोजींचं पत्रही आलं. भावोजी पत्र लिहितात हे मला ठाऊकच नव्हतं. तुझ्या लग्नापासून त्यांची माझ्याशी बोललेली सगळी वाक्यं एका पोस्टकार्डावर मावतील. त्यांनी लिहिलंय की डॉक्टरीणबाईंनी आत नळी घालून पाहिलं, स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना गाठी आहेत. रोज कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडतात तशा. सकाळी उठतेस तेव्हा आवाज बरा असतो, दुपारनंतर तो चिरका होतो, संध्याकाळी मान आणि जबडा दुखायला लागतो आणि मग शब्दांची नुसती हवा निघते. आणि हे वर्षभर चाललंय.

वर्षभर. मी तुझ्याशी वर्षभर रोज संध्याकाळी बोलतोय. मला वाटलं फोन जुना झालाय. एकदा मी तुला म्हणालोदेखील, की ताई, तू हल्ली बिघडलेल्या रेडिओसारखी वाजतेस. तू हसलीस. निदान हसल्यासारखा आवाज आला.

दोष कोणाचा हे उघड आहे. तुझ्या शाळेचा. मी पाहिलाय तो वर्ग. साठ-पासष्ट पोरं, आणि दोन वर्गांच्या मध्ये छतापर्यंत न पोचणारं प्लायवूड. पलीकडे पाढे चाललेले असताना अलीकडे तू कविता शिकवायची. वर पंखा विमानासारखा, खिडकीखाली हमरस्ता. घसा ओला करावा तर शिक्षिकांचं स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, म्हणून तुम्ही सगळ्या सकाळपासून पाणीच पीत नाही. सर्दी झाली तरी सुट्टी नाही. स्नेहसंमेलनात माइक बंद पडला की ‘बाई, तुमचा आवाज मोठा आहे, तुम्हीच सांगा’. मी यावर असा लेख लिहितो की संस्थाचालकांना तोंड लपवायला ते प्लायवूडही पुरणार नाही.

लेख लिहून हिला वाचून दाखवला. ही भाजी निवडत होती. म्हणाली, “छान आहे. पण तुम्ही किस्से सांगता तेव्हा ओरडतं कोण?”

हिला विनोदातलं फारसं कळत नाही.

लेख पाठवू का संपादकांना? कळव. डॉक्टरीणबाई घराबद्दल काही म्हणाल्या का? म्हणजे, सहज विचारतो.

तुझा,
शहाणा

२८ मे

ताई,

लेख पाठवत नाही. फाडलाय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जिन्यात बसून, कारण घरात हिनं विचारलं असतं काय लिहिलंय आणि मला सांगावं लागलं असतं.

तू लिहितेस, डॉक्टरीणबाईंनी आधी शाळेलाच धरलं होतं. म्हणाल्या, सुट्टी लागली की आराम पडेल. सुट्टी लागली, दहा दिवस झाले, तू एका पोराला ‘खाली बस’ म्हटलं नाहीस, आणि तरी रोज संध्याकाळी आवाज जायचा तसा जातच होता. तेव्हा त्यांनी विचारलं, “संध्याकाळी घरी काय होतं?” आणि भावोजी, आमचे मौनीबुवा, म्हणाले, “संध्याकाळी मेहुण्याचा फोन येतो.”

डॉक्टरीणबाईंना कळेना, फोनवर कोण ओरडतं? म्हणून तू त्यांना करून दाखवलंस. डाव्या कानाला फोन, माझं एक वाक्य ऐकायचं, उजवीकडे वाकून ते आईच्या कानात ओरडायचं, आई ‘काय?’ म्हणाली की पुन्हा, आई हसली की मला सांगायचं ‘हसली’, की मी पुढचं वाक्य सुरू करणार. मान वाकडी, गळ्याच्या शिरा ताठ, श्वास अपुरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं पाऊण तास? रोज? दिवसभर शिकवून झाल्यावर? आणि मग त्यांनी विचारलं, “ते तुमच्याशी काय बोलतात?”

तू लिहितेस, या प्रश्नाचं उत्तर तुला देता आलं नाही. मलाही देता येत नाही. मी तुझ्याशी काही बोलतच नव्हतो, ताई. मी तुझ्यातून बोलत होतो.

आता यंत्राचं. तू त्यावर एकच ओळ लिहिलीस, ती मी इथं उतरवून काढत नाही. आईचं कानातलं यंत्र दीड वर्ष खणात पडून आहे, कारण मी त्यावर लेख लिहिला. बरोबर. शोकसभेत दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं, आईच्या कानातल्या यंत्रानं शिट्टी दिली, आणि गाडी सुटली असं वाटून अख्खी सभा चालायला लागली. मला त्या लेखावर जितकी पत्रं आली तितकी कशावरच आली नाहीत. घाटावरचे, गल्लीतले, कोण कोण ओळख काढून सांगायचे, ‘ती शिट्टी, काय हसलो!’ आणि तुमच्या अंगणातल्या बाकावरच्या बायकांनी आईला ‘शिट्टी आजी’ म्हणायला सुरुवात केली. तू मला तेव्हाच फोनवर सांगितलं होतंस. मी म्हणालो, तुम्हा लोकांना विनोद कळत नाही. तू म्हणालीस, आईनं यंत्र काढून ठेवलंय, टोचतं म्हणते. मी म्हणालो, टोचत असेल.

मला ठाऊक होतं टोचत नव्हतं.

आणि यंत्र शिट्टी का द्यायचं, तर कानात बसणारा त्याचा साचा सैल झाला होता. उतारवयात कान बदलतो, साचा नवा करावा लागतो, लहानसं काम असतं. तू तिला त्याच आठवड्यात नेणार होतीस. लेख आधी आला.

शाळा उघडल्यावर मुख्याध्यापिका तुला भांडारात बसवणार, खडू आणि नकाशे मोजायला, हे वाचून मात्र मी जिन्यातून उठलो. मोठ्या बाईंचं चुकतही नाही म्हण, आवाज नसलेली बाई पहिलीच्या वर्गात काय करणार. पण तू आणि नकाशे मोजणार? डॉक्टरीणबाई म्हणतात आवाज येईल, शस्त्रक्रियेशिवायही येईल, पण व्यायाम हवेत, विश्रांती हवी, आणि घरातलं ओरडणं कायमचं बंद व्हायला हवं. फोन तर मी बंद केलाच, पण औषध घेतलंस का, दाराशी कोण आलंय, पाणी तापलंय, हे सगळं तुला ओरडूनच सांगावं लागतं. म्हणजे आईनं यंत्र घातलं तरच तू वर्गात. नाहीतर भांडार.

तू नणंदेकडे जा. दवाखाना तिथून जवळ आहे. भावोजींनाही घेऊन जा, ते तुझ्याशी बोलणार नाहीत याची खात्री आहे. मी आईजवळ राहायला येतो. किल्ली शेजारी ठेव. मी यायच्या आधी निघालीस तरी मला राग येणार नाही. मीही तेच केलं असतं.

भाऊ

६ जून

ताई,

कपाटांवर चिठ्ठ्या लावून गेलीस ते बरं केलंस. ‘साखर’, ‘मीठ’, ‘आईची औषधं’, आणि फोनवर ‘हा उचलू नये’. शेवटची चिठ्ठी मला उद्देशून आहे हे कळलं.

पहिल्या दिवशी मी ठरवलं, आईला मीच सगळं सांगणार. सकाळी विचारलं, चहा घेतेस? “काय?” चहा! “कोण आला?” चहा गं! “हो, पण आहे कुठं तो?” दुपारी मी तिला लिफ्टचा किस्सा सांगायला बसलो. ‘बहिरे आहेत ना पण’ हे वाक्य मी चार वेळा ओरडलो. चौथ्यांदा समोरच्या बिल्डिंगमधला माणूस गॅलरीत आला. आई म्हणाली, “भांडतोस कशाला त्यांच्याशी? जाऊ दे.”

संध्याकाळी माझ्या गळ्यात वाळू भरल्यासारखं झालं. आणि मान. ही मान का दुखते ते मला कळेना, मग लक्षात आलं, तिच्या कानाकडे वाकून वाकून. मी लेखक माणूस, दिवसभर गप्प बसण्याचाच माझा धंदा. तू मात्र सकाळी पाढे, कविता, ‘रांगेत चला’, ‘बाई याने मला मारलं’ हे सगळं करून मग माझे किस्से ओरडत होतीस. आणि मी तुला सांगत होतो, जरा थांबून सांग.

दुसऱ्या दिवशी माझा आवाज साफ गेला. आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तूपण?”

मी ‘काय?’ अशी खूण केली.

म्हणाली, “ताई महिनाभर माझ्याशी बोलत नाही. नुसत्या खुणा करते. सर्दी झालीय म्हणाले जावई. सर्दी एवढे दिवस असते का? माझं काय चुकलं ते तरी सांगा रे. मी तिला जड झालेय का?”

ताई, तू तिला सांगितलं नव्हतंस. तिला वाईट वाटू नये म्हणून. आणि ती महिनाभर समजून चालली होती की तू तिच्यावर रागावली आहेस. आमच्या घराण्यात हे असंच. मीही तेच समजलो होतो, फरक इतकाच की माझं काय चुकलं हे मी विचारलं नाही.

मी कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तुझ्या स्वरतंतूंचं, ओरडण्याचं, फोनचं, भांडाराचं. लेखाचंही. तिनं भिंग धरून सगळं वाचलं. मग उठली, खण उघडला, रुमालात गुंडाळलेलं यंत्र काढलं आणि म्हणाली, “चल. साचा करून आणू.”

भाऊ

१२ जून

ताई,

नवा साचा बसला. शिट्टी नाही, काही नाही. मी हळू बोललो तरी तिला ऐकू येतं. पहिल्या दिवशी ती नळ सोडून ऐकत बसली. मग मला म्हणाली, “तू जेवताना फार आवाज करतोस.” चाळीस वर्षांनी कळलं तिला.

पण अर्धंच काम झालं होतं. घरात घालायची, बेल वाजली की काढायची. बाहेर तर नाहीच. आणि एकदा काढलं की दिवसभर घालायचं विसरायची. म्हणजे तू आल्यावर चार दिवसांत पुन्हा तेच झालं असतं. मी म्हणालो, आई, आता वाजत नाही ना, मग? ती म्हणाली, “बाकावरच्यांना शिट्टी वाजलेलीच ऐकू येणार.”

काल दुपारी ती निवांत बसली होती. यंत्र कानात होतं. मी तिला तो लेखाचा विषय काढून, म्हणजे, माफी वगैरे मागायला लागलो. मला ते जमत नाही, तुला माहीत आहे. तिनं मला मध्येच थांबवलं. म्हणाली, “शोकसभेत कुठं वाजली होती रे ती शिट्टी? स्वयंपाकघरात वाजली होती. तिथं तू आणि मीच होतो.”

मी म्हणालो, लेखासाठी जरा हलवली जागा.

“हो ना. आणि बाकावरच्या सगळ्या त्या शोकसभेला होत्या. त्या आल्या विचारायला. म्हणाल्या, आजी, आम्ही तर तुमच्या शेजारीच उभ्या होतो, आम्हाला नाही ऐकू आली.”

“मग?”

“मग काय. मी म्हटलं, वाजली होती, तुमचं लक्ष नव्हतं.” पदर सारखा करत ती म्हणाली, “एवढं छापून आलेलं. तुला खोटं कुठं पाडू?”

ताई, हे तुला माहीत होतं का? मला तर नव्हतं. तिला एका शब्दात सुटता आलं असतं. तो शब्द तिनं उच्चारला नाही, आणि मग यंत्र घालायची सोयच उरली नाही तिला.

संध्याकाळी मी म्हणालो, चल, खाली बाकावर जाऊ. यंत्र घालून. ती नको म्हणाली. मी म्हणालो, मी बरोबर आहे. ती म्हणाली, “तेच तर.” पण थोड्या वेळानं चपला घातल्या.

बाकावर चौघी होत्या. तुमच्या खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली म्हणाली, “अगंबाई, शिट्टी आजी! आणि हे लेखक वाटतं? आता आमच्यावर लिहाल हं.” सगळ्या हसल्या. आईचा हात कानाकडे गेला. मला वाटलं, संपलं, काढते आता.

तिनं काढलं नाही. केस मागे सारले, म्हणजे यंत्र उलट नीट दिसायला लागलं, आणि ती बाकाच्या मधोमध बसली.

“हा काय लिहितो,” ती म्हणाली. “याचंच मी सांगते. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिला. अख्खी शाळा समोर. आदरणीय अध्यक्षमहोदय म्हणाला आणि पुढचं विसरला. नुसता उभा. आणि मग काय सांगू बाई, तिथंच, व्यासपीठावर, चड्डीत...”

पुढचं तिनं हातानं दाखवलं, धार कशी निघाली आणि कुठपर्यंत गेली ते. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी पाय वर घेतले म्हणे. मुख्याध्यापकांनी स्वतः फडकं आणलं म्हणे. शिवणकामवालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकीला ठसका लागला. आई थांबेना. इतकं सलग बोलताना मी तिला किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

तू होतीस त्या स्पर्धेला, ताई. तुला आठवत असेल. मी दोन ओळी विसरलो आणि खाली उतरलो. बाकीचं काही झालं नव्हतं.

हसणं जरा ओसरल्यावर त्यातल्या सगळ्यात वयस्क बाई माझ्याकडे वळल्या. “खरं का हो हे? एवढे नावाजलेले तुम्ही. का आजी आपलं काहीतरी?”

आई माझ्याकडे बघत नव्हती. समोर बघत होती.

माझा आवाज अजून पुरता आलेला नाही. मी हळूच म्हणालो, “खरं आहे. पाहुण्यांच्या चपलाही भिजल्या होत्या.”

एवढ्या हळू, की शिवणकामवालीनं ‘काय म्हणाले?’ म्हणून विचारलं. आईनं तिला सांगितलं.

भाऊ